घरपट्टी : तक्रार करावी की मुकाट्याने भरावी?

घरपट्टीचे देयक हातात पडले म्हणजे सर्वसामान्य नागरिक त्यावरील दोनच गोष्टी वाचतो. भरावयाची रक्कम आणि भरण्याची शेवटची तारीख. रक्कम गेल्या वर्षीइतकीच असली तर देयक फाइलमध्ये जाते. ती वाढलेली असली तर चार दिवस घरात, कचेरीत आणि शिक्षकांच्या खोलीत तिची चर्चा होते, महापालिकेला दूषणे दिली जातात, रस्त्यांवरील खड्ड्यांचा उद्धार होतो, आणि पाचव्या दिवशी रक्कम भरली जाते. याच देयकाच्या मधल्या भागात ‘वार्षिक करयोग्य मूल्य’ या नावाचा एक आकडा छापलेला असतो. तो कोणी, कशावरून आणि केव्हा ठरविला हे विचारण्याचा, आणि तो चुकीचा असल्यास दुरुस्त करून घेण्याचा अधिकार कायद्याने त्या नागरिकास दिलेला आहे. हा अधिकार बजावावा की नाही, हा प्रश्न वरकरणी ज्याच्या त्याच्या सोयीचा दिसतो. वास्तविक तो साध्या हिशेबाचा आहे, आणि थोडासा न्यायाचाही आहे.

मुंबईखेरीज महाराष्ट्रातील अन्य महापालिकांना लागू असलेला कायदा १९४९ चा. पूर्वी तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जाई. आज त्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे आहे. जेथे जुनी भाडेमूल्याची पद्धत चालू आहे तेथे या कायद्यानुसार घर वर्षभर भाड्याने दिले असता वाजवीपणे किती भाडे येईल याचा अंदाज केला जातो, त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा केले जातात आणि उरते ते करयोग्य मूल्य. मालक स्वतः त्या घरात राहत असो आणि त्याला भाड्याचा एक पैसाही न मिळो, भाडे कल्पिलेच जाते. देयकावर सामान्य कर, मलनिःसारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर अशी जी लांबलचक यादी असते, ती सगळी याच एका खुंटीला टांगलेली असते. महापालिकेचा काही संबंध नसलेला, राज्य शासनाचा शिक्षण उपकरसुद्धा तेथेच येऊन टेकतो. खुंटीच जर वर ठोकली गेली असेल तर यादीतील प्रत्येक रक्कम त्या प्रमाणात वर चढते.

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्याची पद्धत आली आणि शासनाच्या बाजारमूल्य दरपत्रकाशी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘रेडी रेकनर’शी, कर जोडला गेला. पद्धत निराळी असली तरी प्रश्न तोच राहतो. घराचे क्षेत्रफळ, त्याचा वापर, त्याचे वय या नोंदी बरोबर आहेत काय?

चूक आणि नाराजी

तक्रार करण्यापूर्वी नागरिकाने स्वतःच्या मनात एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कर फार आहे ही नाराजी. आकारणी चुकली आहे ही तक्रार. कराचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत महापालिकेची सर्वसाधारण सभा ठरविते. ते फार वाटत असतील तर त्याची दाद सभागृहात आणि मतपेटीत मागावयाची असते. आकारणी अधिकाऱ्यापुढे तो युक्तिवाद करणे म्हणजे तिकिटाचे दर वाढले म्हणून कंडक्टरशी भांडणे होय. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुढील काही वर्षे मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला आणि मतपेटीची ही वाटदेखील तेवढ्या काळापुरती बंद झाली, ही गोष्ट खरी. परंतु त्यामुळे दराविषयीची नाराजी आकारणीवरील हरकतीत भरता येते असे नाही. हरकतीच्या अर्जात खड्डे, तुंबलेली गटारे आणि नळाचे कमी दाबाचे पाणी यांचे वर्णन करून अर्जदार आपलीच बाजू दुबळी करतो. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला यांपैकी कशावरही निर्णय देता येत नाही.

त्याला निर्णय देता येतो तो वस्तुस्थितीवर, आणि चुकाही बहुधा तेथेच होतात. बिल्टअप क्षेत्रफळ कार्पेट म्हणून लिहिले जाते. उघडी गच्ची खोलीसारखी मोजली जाते. तळमजल्यावरील खोलीला रस्त्याच्या बाजूने शटर आहे एवढ्यावरून तिची नोंद ‘बिगरनिवासी’ म्हणून होते. मग आत दुकान नसून घरातील अडगळ का असेना. भाडेकरू घर सोडून गेला, मालक स्वतः राहावयास आला, पण दप्तरात भाडेकरू अद्याप नांदतोच आहे, असेही घडते. मुंबईत तर २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ करण्यात आला. अशा सीमारेषेवर मोजमापातील चार-दोन फुटांची चूक केवळ कर वाढवीत नाही. माफी आणि पूर्ण आकारणी यांमधील अंतर तीच ठरविते.

स्वतः राहत असल्याची नोंद किती मोलाची असते याचे उदाहरण पुण्याने दिले आहे. पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून, मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या भाडेमूल्यात चाळीस टक्के सवलत दिली होती. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला, राज्य शासनाने ती बंद करावयास लावली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. सर्वेक्षणात ज्यांच्याविषयी शंका निर्माण झाली त्या जुन्या घरांनाही फरकाची देयके गेली. २०२३ मध्ये शासनाने सवलत पुन्हा मान्य केली खरी, परंतु ज्यांची सवलत गेली होती त्यांना ‘पीटी-३’ हा अर्ज पुराव्यांसह भरून देणे आवश्यक ठरले. सवलत मिळाली आहे एवढे वर्तमानपत्रात वाचून जे स्वस्थ बसले, त्यांना मिळालेला हक्क अर्जाअभावी दाराबाहेरच उभा राहिला. हक्क जाहीर होणे आणि तो आपल्या नोंदीपर्यंत येणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे पांढरपेशा वर्गाच्या सहसा लक्षात येत नाही.

अर्ध्या दिवसाच्या रजेचा हिशेब

तक्रार परवडते का, याचा विचार नागरिक बहुधा एका वर्षापुरता करतो आणि तेथेच त्याचे गणित चुकते. समजा, एका शिक्षकाची सदनिका ६०० चौरस फुटांची आहे आणि महापालिकेच्या दप्तरात ती ७२० फुटांची लिहिली गेली आहे. हिशेबासाठी भाड्याचा दर फुटास दरमहा ३ रुपये धरू. खऱ्या क्षेत्रफळावर वार्षिक भाडे २१,६०० रुपये आणि दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १९,४४० रुपये होईल. चुकीच्या क्षेत्रफळावर ते २३,३२८ रुपये होते. फरक ३,८८८ रुपयांचा. सर्व करांची बेरीज करयोग्य मूल्याच्या चाळीस टक्के धरली तर या शिक्षकाला दरवर्षी सुमारे १,५५५ रुपये जास्त भरावे लागतात.

दीड हजार रुपयांसाठी कचेरीच्या खेपा कोण घालणार? पहिली प्रतिक्रिया ही असते आणि ती अगदीच अविवेकी नाही. पण आकारणीचा स्वभाव असा आहे की चूक एकदा दप्तरात शिरली म्हणजे ती आपण होऊन बाहेर पडत नाही. कायद्याने नवी आकारणी नोंदवही दरवर्षी करावीच असे नाही. चार वर्षांतून एकदा तरी ती झाली पाहिजे एवढेच बंधन आहे. आणि नवी नोंदवही करताना क्षेत्रफळ पुन्हा मोजण्याऐवजी जुनेच उतरवून घेण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. ही चूक दहा वर्षे टिकली तर शिक्षकाचे १५,५५२ रुपये जातात. सात टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणले तरी ती रक्कम १०,९०० रुपयांच्या घरात भरते. त्याच्यासमोर ठेवावयाचा खर्च म्हणजे एक साधा अर्ज, नोंदणीकृत खरेदीखताची व मंजूर नकाशाची प्रत, आणि सुनावणीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा. वकिलाची गरज नाही. फार तर एखाद्या अभियंत्याकडून मोजमापाचा दाखला घ्यावा लागेल. अशा स्थितीत हरकत न घेणे हा आळस आहे. त्याला व्यवहारीपणाचे नाव देणे योग्य नव्हे.

उलट, चूक पंचवीस-तीस फुटांची असेल, किंवा भाड्याच्या दराविषयीचा केवळ मतभेद असेल, तर हाच हिशेब निराळे उत्तर देतो. दुसऱ्या प्रकारात पुरावा जमविणे कठीण, कारण त्याच भागातील, त्याच प्रकारच्या घरांची खरी भाडी दाखवावी लागतात. आणि आजची लिव्ह अँड लायसन्सची भाडी पाहिली तर ती दप्तरातील दरापेक्षा बहुधा कितीतरी अधिक निघतील. तो पुरावा सादर करणारा मालक स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत असतो.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. हरकतीमुळे निरीक्षक घर पाहावयास येतो आणि त्याला काय दिसावे हे अर्जदाराच्या हाती नसते. बंद करून घेतलेली बाल्कनी, गच्चीवर चढविलेले पत्रे, जिन्याखाली काढलेली खोली, यांची नोंद नव्याने होऊ शकते. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद याच कायद्याच्या २६७-अ या कलमात आहे. पुढे लहान निवासी बांधकामांना तीतून सवलत मिळाली, तरी ती सर्वांना नाही. ज्याने मंजूर नकाशाबाहेर भिंत सरकवली आहे त्याने १२० फुटांच्या चुकीसाठी मोजपट्टी बोलावण्यापूर्वी ती स्वतः एकदा फिरवून पाहावी.

पहिली पायरी चुकली तर

कायद्याने तक्रारीच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्या दोहोंची किंमत अगदी वेगवेगळी आहे. आकारणी प्रसिद्ध झाली किंवा करयोग्य मूल्य वाढविल्याची विशेष नोटीस आली म्हणजे तीत दिलेल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत घ्यावयाची. ही मुदत किमान पंधरा दिवसांची असते. हरकतीची सुनावणी होऊन निर्णय दिला जातो. तो मान्य नसेल तर ४०६ व्या कलमाखाली न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्यासाठीही पंधरा दिवसच मिळतात. मुंबईत हे काम लघुवाद न्यायालयाकडे आहे. परंतु अपिलाला दोन अटी आहेत. आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असली पाहिजे आणि वादातील कराची रक्कम आधी महापालिकेत जमा केलेली असली पाहिजे.

दुसरी अट जाचक वाटणे साहजिक आहे. ती घटनाबाह्य आहे असा वाद अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गुजरातेतही तेव्हा हाच १९४९ चा कायदा लागू होता. १९७५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, अपिलाचा हक्क हा मुळात कायद्यानेच निर्माण केलेला हक्क आहे आणि तो देताना अटी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. गिरणीच्या दृष्टीने हा मोठ्या रकमेचा प्रश्न होता. आपल्या उदाहरणातील शिक्षकाला मात्र या अटीचे फारसे भय नाही, कारण कर रोखून धरण्यात त्याचाही लाभ नसतोच. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती चढते. एवढा परतावा देणारी कोणतीही ठेव कोठल्याही बँकेत नाही. तेव्हा हक्क राखून ठेवल्याचे लेखी कळवून रक्कम भरावी आणि मग भांडावे, हेच शहाणपणाचे.

खरा घात पहिल्या अटीने होतो. नोटीस येते त्या पंधरवड्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या असतात, किंवा मुलीचे लग्न असते, किंवा नोटीस शेजाऱ्याच्या हाती पडून त्याच्या वर्तमानपत्रांच्या रद्दीत जाते. मुदत टळते आणि तिच्याबरोबर न्यायालयाचे दारही मिटते. चालू वर्षाच्या नोंदीतील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आयुक्तांना त्यानंतरही असतो, म्हणून अर्ज जरूर करावा. परंतु सरलेल्या वर्षांचे पैसे त्या वाटेने परत येत नाहीत. हरकत घेण्यास जवळजवळ काही लागत नाही आणि ती न घेतल्यास पुढचे सगळे मार्ग खुंटतात. म्हणूनच, वस्तुस्थितीची चूक दिसत असेल तर पहिल्या पायरीबद्दल फार विचार करीत बसू नये. विचार करावयाचा तो दुसऱ्या पायरीवर. तेथे वकील येतो, तारखा येतात, वर्षे जातात, आणि शिक्षकाचे दहा-अकरा हजार रुपये त्या वाटेवर केव्हाच संपतात.

शेजाऱ्याची घरपट्टी

हरकतींच्या अर्जात हमखास येणारे एक वाक्य असे की, समोरच्या वाड्याला आमच्या निम्मी घरपट्टी आहे. हे बहुधा खरे असते आणि तरीही बहुधा उपयोगाचे नसते. यामागचा इतिहास थोडा पाहावयास हवा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकली. पुढे दिवाण दौलतराय कपूर यांच्या दिल्लीतील प्रकरणात १९७९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जेथे भाडेनियंत्रण लागू आहे तेथे वार्षिक मूल्य प्रमाणभाड्यापेक्षा अधिक धरता येणार नाही. मग घर भाड्याने दिलेले असो वा मालक स्वतः राहत असो. तर्क बिनतोड होता. परिणाम मात्र असा झाला की, भाडेमूल्यावर चालणाऱ्या शहरांत जुन्या घरांचा कर गोठला आणि वाढत्या खर्चाचा भार नव्या आकारणीवर, म्हणजे कर्ज काढून उपनगरात दोन खोल्यांची सदनिका घेणाऱ्या कारकुनावर सरकला. मुंबईने भांडवली मूल्याकडे वळण्यामागे हेही एक मोठे कारण होते.

ही विषमता अन्याय्य आहे यात शंका नाही. पण ती कायद्याच्या रचनेतून आलेली असल्यामुळे एका घराच्या सुनावणीत दूर होणारी नाही. शेजाऱ्याशी तुलना कामी येते ती वेगळ्या ठिकाणी. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, त्याच वर्षी नोंद झालेल्या समान सदनिकेचे करयोग्य मूल्य कमी असेल तर तो भक्कम पुरावा होय. समोरचा वाडा सोडून शेजारचे दार ठोठावणे अधिक फलदायी असते.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये चांगल्या कराची लक्षणे सांगताना निश्चितीला फार वरचे स्थान दिले होते. करात थोडी विषमता असली तर ती एकवेळ चालेल, पण किती भरावयाचे हे कर घेणाऱ्याच्या लहरीवर असणे त्याहून वाईट, असे त्याचे मत होते. आपल्याकडील आकारणीची नोंदवही लहरी आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती बरीचशी तपासणीवाचून राहिलेली आहे. आणि ती कोण तपासतो हे पाहू गेल्यास चित्र फारसे समाधानकारक नाही. मुंबईतील भांडवली मूल्याच्या नियमांपैकी काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला. ही लढाई मालमत्ताधारकांच्या संघटनेने लढविली. एकट्यादुकट्या सदनिकाधारकाला ती झेपण्याजोगी नव्हती. ज्याचे लाखो रुपये अडकले आहेत तो कायदेपंडित नेमतो. ज्याचे दीड हजार अडकले आहेत तो सुस्कारा टाकतो. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, थोड्यांचे मोठे हितसंबंध संघटित होतात आणि अनेकांचे लहान हितसंबंध विखुरलेले राहतात. परिणामी मोठ्या मालमत्तांच्या नोंदीतील चुका गळून पडतात आणि लहान घरांच्या नोंदीतील तशाच राहतात. करांचे दर सर्वांना सारखे असूनही भार सारखा पडत नाही, आणि हे कोणी मुद्दाम केलेले नसते.

शहराच्या तिजोरीला तोशीस लागू नये म्हणून गप्प बसावे, असा एक भाबडा विचारही सुशिक्षितांत आढळतो. जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईतूनही ती गेली. महापालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचा आधार मोठा उरला, हे सर्व खरे. परंतु चुकीच्या क्षेत्रफळावर घेतलेला पैसा हा कर नसतो. ती हिशेबातील चूक असते. ती दाखवून देणाऱ्यास करबुडव्यांच्या रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

लहान घरांना या कोंडीतून थोडी वाट काढता येते ती गृहनिर्माण संस्थांच्या द्वारे. चाळीस सदनिकांच्या इमारतीत एका सदनिकेचे क्षेत्रफळ चुकले असेल तर त्याच नमुन्याच्या इतर सदनिकांचेही चुकलेले असण्याचा संभव मोठा. प्रत्येक सदनिकेची नोंद स्वतंत्र असल्यामुळे हरकतही प्रत्येकाला स्वतंत्र घ्यावी लागते; पण मंजूर नकाशा एकच असतो, अभियंत्याचा दाखला एकाच फेरीत होतो, आणि अर्जाचा मसुदा चिटणिसाने एकदा लिहिला की पुरतो. वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास वाद घालणाऱ्या संस्थांनी देयकांचा हा मधला आकडा एका तक्त्यात मांडून सभासदांपुढे ठेवावयास अर्धा तास पुरेल. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मात्र प्रत्येकाने घ्यावा. पुढे अपिलाची वेळ आलीच तर मुदतीत हरकत घेतली होती हे दाखविण्यास तेवढा एकच कागद हाती असतो.